विरी

आमच्या घरात जोंधळ्याचं पीठ आठ दिवसांच्या वर कधी राहिलं नाही. बाई राहूच द्यायची नाही. बाई म्हणजे आमची आजी. वडील आणि चुलते तिला बाई म्हणत, म्हणून आम्ही नातवंडंही बाईच म्हणायचो. दर शनिवारी चार-पाच पायल्यांचं दळण गिरणीत जायचं आणि पुढच्या शनिवारी रिकामा डबा पुसून उन्हात पालथा घातला जायचा. भाकरी करणाऱ्या कुणालाही यामागचं कारण ठाऊक असतं. जोंधळ्याचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग ते मळताना चिकटत नाही, काटवटीत थापायला घेतलं की कडा उलतात, आणि उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे होतात. गहू महिनाभर तुमचं ऐकून घेतो, जोंधळा नाही घेत.

आम्ही रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना म्हणायचो. तीत रोजच्या भाकरीचं मागणं आलं की आम्हा पोरांचे डोळे मिटलेले असूनही नाकाला चुलीवरचा वास लागायचा. पुढं शाळेत इंग्रजी आलं तेव्हा कळलं, की त्या भाषेत त्या जागी पाव असतो. मराठीत भाकर आहे, आणि मला वाटतं ज्याने तो शब्द योजला त्याने आमच्या मुलखावर फार मोठा उपकार केला. पाव उद्यासाठी ठेवता येतो. भाकरी त्या दिवसाची. उरलेली दुसऱ्या दिवशी कुस्करून दुधात खाल्ली जाते खरी, पण ती मग कालची असते. रोज मागायची गोष्ट म्हणून तिच्याइतकी नेमकी वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायातली मान्नाची गोष्ट बाईची विशेष आवडती. रानात चालणाऱ्या लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतंच अन्न मिळायचं. ज्यांनी उद्याच्या धास्तीने झाकून ठेवलं, त्यांच्या अन्नात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, कारण सातवा दिवस विसाव्याचा. ही गोष्ट वाचून झाली की ती पुस्तक मिटून म्हणायची, "त्यांच्या पिठाची बी विरी जात व्हती बघा." आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. आमच्या तोंडात ते नुसतं नगर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईला उतरले आणि 1831 साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. 1842 पासून 'ज्ञानोदय' निघू लागला. आमच्या आजोबांकडे त्याचे जुने अंक सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेले होते. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. शाळा म्हणजे बहुतेक गावांत एक खोली, पुढे ओटा, रविवारी त्याच खोलीत उपासना. सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, बाईसुद्धा. त्यांच्या नोकरीत त्यांची सात गावांत बदली झाली. आम्ही जन्मलो तोवर ते निवृत्त होऊन या गावात स्थिरावले होते, पण त्या सात बदल्या आम्हाला तोंडपाठ आहेत. वडील-चुलत्यांनी त्या आम्हाला शंभरदा ऐकवल्या.

बदली म्हणजे एक बैलगाडी. तीत एक ट्रंक, पुस्तकांचं एक खोकं, काटवट, तवा, पाटा-वरवंटा, दोन शेळ्या मागे बांधलेल्या, आणि वर बसलेली पोरं. नव्या गावात घर मिळायचं ते कुणीतरी सोडलेलं. भिंतींना पोपडे, कोपऱ्यात उंदरांची बिळं. सामान उतरायच्या आधी बाई आत जायची, चुलीच्या जागी गुडघे टेकायची आणि थोडा वेळ गप्प बसायची. मग पदर खोचून सारवायला घ्यायची. वडील सांगायचे, की एका गावी पोचलो तेव्हा रात्र झालेली, पाऊस लागलेला, घराला निम्मं छप्पर नाही. थोरली आत्या रडायला लागली. बाईनं ट्रंक भिंतीला लावली, तिच्यावर पोरं बसवली, वर घोंगडं धरलं आणि 'उपासना संगीत'मधली पाठ असलेली गाणी एकापाठोपाठ एक म्हणत रात्र काढली. सकाळी शेजारच्या मराठ्याच्या घरातून एका म्हातारीनं दुधाचा तांब्या पाठवला. पुढची पाच वर्षं त्या तांब्याचं येणं-जाणं चालू राहिलं.

तो तांब्या सगळीकडं मिळाला नाही, हेही सांगायला हवं. काही गावांत विहिरीवर बाईला लांब उभं राहावं लागलं. काही गावांत लोकांनी तोंडावर म्हटलं, की हे भाकरीसाठी बाटलेले. बाईची आई 1900 सालच्या दुष्काळात अनाथ होऊन पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आलेली होती, केडगावला. नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. तिथे मुलींना छापखान्यातलं काम शिकवत, आणि रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबल तिथेच छापलं गेलं. बाईची आई खिळे जुळवायची. उलटी अक्षरं वाचायची तिची सवय म्हातारपणीही गेली नव्हती म्हणतात. तेव्हा भाकरीचा तो टोमणा बाईला जन्मापासून माहीत होता. आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं: "व्हय, भाकरीसाठीच. प्रभूनं ती मागायलाच शिकवलीय." ते ती भांडणाच्या सुरात कधी म्हणाली नाही. भुकेल्याला जो देव जेवू घालत नाही, त्याच्यापुढं गुडघे कशाला टेकायचे, हे तिला खरोखरच कळत नसे.

आता 31 डिसेंबरच्या रात्रीविषयी. नाताळचा फराळ, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे तोवर तळाला गेलेले असायचे. कामट्यांची आणि पतंगी कागदाची चांदणी दारावर दवानं मऊ पडलेली. रात्री दहाला मंडळी देवळात जमायची. (आमच्याकडे देऊळच म्हणत, चर्च नंतर आलं.) शाली, कानटोप्या, मफलर, आणि मागच्या सतरंजीवर पेंगणारी आम्ही लेकरं. नव्वदावं स्तोत्र वाचलं जायचं. मग साक्षी. ज्याला वाटेल त्यानं उठून सरत्या वर्षात देवानं काय केलं ते सांगायचं. बैल गेला आणि दुसरा कसा मिळाला, पोराचा ताप कसा उतरला, मुलीचं लग्न कुठं जमलं. काही साक्षी लांबायच्या, पण पाळकसाहेब कुणाला मध्येच थांबवत नसत. बाराला पाच मिनिटं उरली की कंदील बारीक करायचे आणि सगळ्यांनी गुडघे टेकायचे. त्या पाच मिनिटांत कुणी बोलत नसे. अंधारात आपापला हिशेब. म्हातारी माणसं हलकेच हुंदके द्यायची आणि आम्ही घाबरून एकमेकांचे हात धरायचो. मग घंटा. बारा ठोके. कंदिलांच्या वाती वर, आणि सगळे उठून एकमेकांना जय ख्रिस्त म्हणत गळ्यात पडायचे. वर्षभर न बोललेले लोकही.

त्यानंतर वचनं वाटायची. पाळकसाहेब एक दुरडी घेऊन फिरत. तीत गुलाबी कार्डांचे तुकडे, प्रत्येकावर शास्त्रातलं एकेक वचन, उलटं करून ठेवलेलं. डोळे मिटून एक उचलायचं. ते आपलं वर्षाचं वचन. काही लोक याला चिठ्ठी काढणं म्हणून नाकं मुरडत, आणि देवाचं वचन म्हणजे नशीब काढायचा पोपट नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण बाईचा त्या कार्डाकडं पाहण्याचा रोख वेगळा होता. येणाऱ्या वर्षात काय घडेल ते त्यात ती शोधत नसे. जे घडेल ते कशाच्या आधारानं सोसायचं, एवढंच ती त्यातून घ्यायची. घरी आली की कणकेची खळ करून ते कार्ड पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची. फक्त वरची कड चिकटवायची, म्हणजे ते उलटून मागं लिहिता यायचं. डबा दिवसातून दोनदा तरी उघडायचाच, म्हणजे वचनही दिवसातून दोनदा डोळ्यांपुढं.

1971 सरताना तिच्या हातात यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातलं वचन आलं. देव नवी गोष्ट करतो, ओसाड जागी वाट काढतो, कोरड्या रानात पाणी आणतो, अशा अर्थाचं. आणि बाहत्तर साली पाऊस आला नाही.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाहत्तरचा दुष्काळ धान्याचा, असं जुने लोक अजून म्हणतात. विहिरींना थोडंफार पाणी होतं, कणगीत दाणा नव्हता. रोजगारासाठी सरकारनं कामं काढली. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. थोरले काका-काकू खडीवर जायचे. तिथे सुकडी मिळायची, तिची चव आम्हा भावंडांपैकी कुणीही विसरलेलं नाही. रेशनवर मिलो आली, परदेशातली लाल ज्वारी. तिला विरी म्हणून नव्हतीच. पहिल्या दिवशी काकूनं थापलेली भाकरी हातातच फुटली आणि ती चुलीपुढं बसून रडली. बाईनं तिला बाजूला सरकवलं. पातेल्यात पाण्याला आधण आणलं, ते उकळतं पाणी पिठावर ओतलं, उलथन्यानं हलवून वर ताट झाकलं. थोड्या वेळानं तिनं त्यात हात घातला. वाफ निघत होती. हात लाल झाला, पण ती मळत राहिली, तळव्याचा जोर देऊन, पुढं ढकलून परत ओढत. हळूहळू ते पीठ एकजीव झालं. त्याची भाकरी जाड झाली, तांबडी झाली, पण झाली. "उकळी दिली की येती," ती म्हणाली, "घाई करायची न्हाई."

त्या वर्षी संध्याकाळच्या प्रार्थनेत मास्तर सारफथच्या विधवेची गोष्ट वारंवार वाचत. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, आणि दारात आलेला एलीया. ते पीठ संपलं नाही. आमच्या डब्यातलं मात्र संपायचं; मी स्वतः त्याचा तळ पाहिलाय. पण तळ दिसला त्या प्रत्येक वेळी कुठून तरी काहीतरी आलं: खडीचा पगार, नाशिकहून आत्याची मनिऑर्डर, एकदा तर उधारी बुडाली म्हणून बाईनं केव्हाच सोडून दिलेले एकाचे सात रुपये. याला चमत्कार म्हणावं का, असा प्रश्न मला पुढं कॉलेजात पडला. बाईला तो कधी पडला नाही. आत्यानं मनिऑर्डर केली ती आत्यानं केली, हे तिला ठाऊक होतंच. आत्याला आम्हाला पाठवायची बुद्धी त्याच आठवड्यात झाली, यासाठी ती आभार मानायची. आणि त्या डब्यातूनही रोज पहिली मूठ ती बाजूच्या गाडग्यात टाकायची, मंडळीतल्या म्हाताऱ्या एकट्या बायांसाठी. काकू म्हणायची, "बाई, आपलंच पुरं पडंना." बाई म्हणायची, "म्हणून तर आधी काढती. उरल्यावर कोन काढतं?"

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, आणि त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या वाड्यात एक वेगळीच हालचाल. मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या मेजाशी जायचं नाही, हा नियम. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तो आहे, पण आमच्याकडे तो कायद्यासारखा पाळला जायचा. एकदा बाईचं आणि तिच्या धाकट्या जावेचं पितळी घागरीवरून भांडण झालं. घागर कुणाची, हे देवालाच ठाऊक. दोन आठवडे अबोला. शनिवारी संध्याकाळी बाईनं वाटीभर कोरड्यास घेतलं, मला बरोबर घेतलं आणि जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"उद्या प्रभुभोजन हाय," बाई म्हणाली.

"मला बी ठाव हाय," आतून आवाज आला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मग आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. बाई जाऊन बसली. घागरीचं नाव कुणी घेतलं नाही. जावेनं कोरड्यास बोटानं चाखलं आणि मीठ कमी आहे म्हणाली. घरी परतताना बाईचा पदर ओला होता. पुढं ती घागर दोन्ही घरांत फिरत राहिली. आज ती माझ्या चुलतभावाकडे आहे.

आमच्या पिढीनं नव्या सुरुवातीविषयी खूप वाचलं, खूप ऐकलं. एक जानेवारीला वह्या केल्या, संकल्प लिहिले. बाईचा नवा आरंभ असा एका तारखेवर अवलंबून नव्हता. तो शनिवारी व्हायचा, रात्री निजताना व्हायचा, भांडण झाल्यावर तासाभरानं व्हायचा. आणि तो बहुतेक दुसऱ्या कुणासाठी असायचा. धाकट्या काकांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही.

काका नगरला एका कारखान्यात होते. दारूपायी नोकरी गेली. 1975 साली बायको-मुलांना आधी पाठवून मागून ते स्वतः घरी आले, एक पिशवी घेऊन, दाढी वाढलेली. मास्तर ओट्यावर होते. ते उठले, काही बोलले नाहीत, आत जाऊन दोन घोंगड्या आणून पडवीत टाकल्या. उधळ्या पुत्राची गोष्ट आम्हाला शब्बाथशाळेत शिकवलेली होती, आम्ही वाट पाहत होतो की आता काय कापतात. त्या रात्री पिठलं होतं.

तिसऱ्या दिवशी शनिवार. बाईनं जोंधळ्याचं पोतं सायकलच्या कॅरियरला बांधलं, गिरणीचे पैसे काकांच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "दळण आण." काका गेले. रात्री परतले ते धान्यही नाही, पैसेही नाहीत, आणि सायकल दुसऱ्याच्या हातात. रविवारी सकाळी शेजारून उसनं पीठ आणून भाकरी झाली.

पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा पोतं बांधलं आणि पुन्हा काकांना हाक मारली. धाकटी काकू, त्यांची बायको, पुढं आली. "बाई, लेकरांच्या तोंडचं घालवताय तुम्ही." तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तेव्हाही तिच्या बाजूनं होते, आजही तिला चूक म्हणणार नाही. उपाशी पोरांच्या आईनं दुसरं काय म्हणावं? बाईनं पोत्याची गाठ घट्ट केली. "माझ्याकडं दुसरं काय हाय गं त्याला द्यायला?" ती म्हणाली. "विस्वास टाकायचा म्हनलं तर एवढं दळणच हाय माझ्यापाशी." आणि आम्हाला नंतर कळलं, की गेल्या रविवारपासून ती स्वतः एक वेळच जेवत होती. घालवायचं ते तिनं आधी आपल्या ताटातलं घालवलं होतं.

त्याही शनिवारी काका रिकामे आले.

तिसऱ्या शनिवारी दिवस मावळला तरी पत्ता नाही. प्रार्थनेची वेळ झाली, मास्तरांनी पुस्तक उघडलं. काकू भिंतीकडं तोंड करून बसलेली. वाचन निम्मं झालं आणि बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. काका दारात उभे. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, कानाच्या पाळ्यांवर पीठ. गिरणीत गर्दी होती, लाइट गेली होती, ते तिथेच बसून राहिले होते. खांद्यावरचं पोतं खाली ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. आम्ही सगळे बाईकडं बघत होतो. ती उठली, पोत्यात हात घातला आणि म्हणाली, "गरम हाय अजून. चादरीवर पसरून ठेव, न्हाईतर वास धरंल."

एवढंच. काकांनी चादर अंथरली आणि पीठ पसरलं. मग मास्तरांनी जिथं थांबलं होतं तिथून वाचायला सुरुवात केली.

ते त्या दिवशी सुटले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यानंतर ते आणखी दोनदा घसरले, एकदा तर तीन महिने घराबाहेर होते. पण आले की पुढच्या शनिवारचं दळण त्यांचं. कधी सोडली म्हणून विचारलं तर त्यांना तारीख सांगता यायची नाही. शेवटची पंधरा-सोळा वर्षं ते देवळाची घंटा वाजवत. 31 डिसेंबरचे बारा ठोके त्यांचे असायचे, आणि ते कधी एका मिनिटानंही चुकले नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आमच्या घरात फार वाचली जायची. मास्तरांकडचा चारही भागांचा संच पान पान सुटं झालेला. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार पायाखालून निघून गेला. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 साली गेले, आणि 'ख्रिस्तायन' हा त्यांचा अपुरा ग्रंथ पुढं लक्ष्मीबाईंनी पुरा केला. लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या बाईनं. आमची बाई हे पुस्तक वाचताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हिला कितींदा पहिल्यापासनं मांडावं लागलं." लक्ष्मीबाईंविषयी मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय, पण मला तरी त्यांच्याविषयीचं याहून खरं वाक्य सापडलेलं नाही.

बाई 1989 साली गेली. तिच्या माघारी पिठाचा डबा काकूकडे राहिला, आणि काकूही गेल्यावर घर आवरायला आम्ही नऊ भावंडं जमलो: चुलत, आते, सगळी. पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून. एक मस्कतहून फक्त त्यासाठी आला. डबा गंजला होता. झाकण उघडलं तर आतून कार्डांचा थर, एकावर एक, बोटभर जाड. खळीला कसर लागलेली, तरी कार्डं निघाली. मस्कतच्या भावानं वाफेवर धरून एकेक सुटं केलं. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं साल, आणि एखादी ओळ. बाईचं बोर्डिंगमध्ये घटवलेलं अक्षर, गोल, सुटं. 'शेळी व्याली.' 'मास्तरांचा दमा.' 'थोरला म्याट्रिक.' 'जाऊ बोलली.' बाहत्तरच्या कार्डामागं 'वाट पाहते' असं होतं, आणि त्याखाली वेगळ्या पेन्सिलीनं, दुसऱ्या वर्षी लिहिलेलं: 'मिरगात आला.'

1968 च्या कार्डामागं फक्त साल होतं.

त्या वर्षी धाकटी आत्या टायफॉइडनं गेली. एकोणीस वर्षांची होती, शिक्षिकेचा कोर्स करत होती. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही, वेणीतला अबोली रंगाचा रिबिनीचा तुकडा आठवतो. आमच्यातल्या थोरल्यांना मात्र तेव्हाची बाई आठवते. प्रार्थनेला ती बसायची, गुडघे टेकायची, पण तिची पाळी आली की गप्प. मास्तर थोडं थांबायचे आणि पुढं जायचे. असं कित्येक महिने. कुणी तिला समजावायला गेलं नाही. आलेल्या एका उपदेशकाला मास्तरांनी ओट्यावरूनच चहा पाजून परत पाठवलं. भाकऱ्या ती रोज करत होती. मुठीचं गाडगंही रोज भरत होती. मग एके संध्याकाळी, थोरली ताई सांगते, मास्तरांची प्रार्थना संपली आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं बाई म्हणाली, "आमेन." पुढं काही नाही. आणखी आठवडाभर रोज तेवढा एकच शब्द. मग कधीतरी त्याच्या आधी दुसरा शब्द आला.

आम्ही ती कार्डं वाटून घेतली. माझ्या वाट्याला ते कोरं आलं. मी मागून घेतलं, खरं तर.

आता आमच्यातले निम्मे आजी-आजोबा झालोत. 31 डिसेंबरला सगळे फोनवर जमतो, मस्कतचं घड्याळ दीड तास मागं असलं तरी आमच्याबरोबर बाराला गुडघे टेकतं. वचनं मीच काढून पाठवते. एका भाचीनं विचारलं, की मावशी, यावर खरंच विश्वास ठेवायचा का? मी तिला काकांच्या दळणाची गोष्ट सांगितली. तिनं दुसरं काही विचारलं नाही.

परवा सून म्हणाली, "आई, ज्वारीचं पीठ आणलंय, भाकरी करा ना." पुडा उघडला. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. चिमटीत घेऊन दाबलं, रेतीसारखं सुटलं. मी पाण्याला आधण ठेवलं, पीठ परातीत काढलं, उकळतं पाणी ओतून वर ताट झाकलं. नातू ओट्याला टेकून उभा होता. ताट काढल्यावर वाफ त्याच्या चष्म्यावर आली.

"भाजत नाही का आज्जी?"

"भाजतं की."

मी मळत राहिले. पुढं ढकलून, परत ओढून. पहिली थापताना फाटली, गोळा करून पुन्हा मळली. दुसरीची कड उलली, पण ती तव्यावर पोचली. नातवानं हात धुतले, बाह्या वर केल्या आणि तिसरीचा गोळा मागून घेतला.